सिंधू, शर्यत डिसेंबरातच होणार

सिंधू,

तुझ्या तेराव्याला तुमच्या अंधेरीच्या घरात पंगत बसली होती आणि मी वाढत होते. भाताचं पातेलं घेऊन दुसऱ्या ओळीशी आले तेव्हा तुमच्या नात्यातल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "चाकांनी नेली पोरीला." हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. शेजारणीने मान डोलावली. मी त्यांच्या पानात भात वाढला आणि पुढे सरकले. त्या घरात त्या दिवशी तोंड उघडणं बरं नव्हतं. पण हे वाक्य मी असंच सोडणार नाही, हे तिथेच ठरलं.

पुढे काय काय झालं ते तुला सांगायला बसले आहे. तू असतीस तर मध्येच तोडून स्वतःचं काहीतरी सुरू केलं असतंस. ह्या खेपेला ऐकून घे.

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. स्केटिंगच्या शर्यतीत मुंबईत ओळीने पहिली येणारी मुलगी, असं काहीबाही होतं. बायकांची शर्यत मुळात सुरू कशी झाली, ते मात्र नव्हतं. ते ठाऊक असणारी आता मी एक आणि तुझी धाकटी बहीण विजू.

बोटीवर नोकरीला असलेल्या तुझ्या मामांनी विलायतेहून ते चाकांचे स्केट्स आणले, शाळेच्या सिमेंटच्या मैदानात तू एकटीच शिकलीस, आणि शर्यतीला नाव द्यायला गेलीस. शर्यत भरवणाऱ्या क्लबाचे चिटणीस सभ्य गृहस्थ. त्यांनी तुला खुर्ची दिली आणि म्हणाले की बाईमाणूस तुम्ही एकट्याच, एकटीची शर्यत लावायची कुणाशी? पुढच्या वर्षी आणखी चार-पाच जणी घेऊन या, मग बघू. तू पुन्हा येऊ नयेस म्हणून ते तसं म्हणाले होते. तू ते काम सांगितल्यासारखं घेतलंस.

मग तू मुली शोधत हिंडलीस. टेलिफोन एक्स्चेंजची पाळी संपली की कुठे बोरिवली, कुठे मुलुंड. शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर पळणाऱ्या मुली बघत उभी राहायचीस. त्यातच मी तुला दिसले. पुढच्या रविवारी घाटकोपरला आमच्या दारात कापडी पिशवी घेऊन हजर. मी न्हाऊन केस वाळवत होते. "धावणारी कुमुद इथेच राहते ना?" तू विचारलंस, आणि आत येऊन ते लोखंडी चाकांचे स्केट्स बाबांसमोर फरशीवर ठेवलेस. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. बाबांनी एक स्केट उचलला, चाक बोटाने फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत बघत बसले.

"पडली तर?" त्यांनी विचारलं.

"पडणारच. रोज पडेल. महिन्याभराने जरा कमी पडेल."

आमच्या बाबांना गोडगोड बोलणाऱ्यांचा फार संशय. तुझ्या त्या एका उत्तरावर त्यांनी मला पाठवलं. बाकी तू जे काही समजावून सांगत होतीस ते त्यांनी ऐकलंच नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

गोरेगावच्या आरे कॉलनीतला तो नवा डांबरी रस्ता. पहाटे दुधाच्या गाड्या निघून गेल्या की उन्हं चढेपर्यंत तो आपलाच. सलवारीच्या घोट्याला सायकलवाले लावतात त्या क्लिपा, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. गोठ्यावरचे भय्ये पहिले काही दिवस काम टाकून बघत उभे राहायचे, मग त्यांना सवय झाली. म्हशी मात्र शेवटपर्यंत बिचकल्या. कळप रस्ता ओलांडायला लागला की आपण झाडाला धरून उभ्या, आणि मागे राहिलेल्या शेणावरून कोण घसरणार ह्याची तुझी पैज. तू शिकवायचीस म्हणजे शिव्याच द्यायचीस. "ताठ होऊ नकोस गं, वाक. कमरेत वाक. तू काय शाळेच्या प्रार्थनेला उभी आहेस?" हात पाठीमागे धरायचे, हनुवटी खाली, गुडघ्यात इतकं बसायचं की मांड्या पेटायच्या. रविवारी तुमच्या घरी चाकं काढून रॉकेलमध्ये धुवायची, बेअरिंगचे छर्रे बशीत मोजून ठेवायचे, काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, शिवणयंत्राचं तेल चोरायचं. काकूंना ते कळत होतं. त्या तेलाची बाटली आधीच काढून ठेवायच्या आणि तोंडाने बडबडायच्या.

पुढच्या डिसेंबरात तू चिटणिसांपुढे आम्हांला ओळीत उभं केलंस. त्यांना नाही म्हणता येईना. सिमेंटच्या गोल रिंगणात बायकांची पहिली शर्यत झाली, आणि तू इतकी पुढे होतीस की तुझ्याशी कोणाची शर्यत लागली असं म्हणवत नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र लागली. शेवटच्या फेरीत मी पुढे होते. आतली बाजू मी दाबून धरली होती, तुला वाट नव्हती. मागे तुझ्या चाकांचा आवाज येत होता. तो मला इतरांच्यातून ओळखू यायचा, जरा घोगरा. वळणावर तो एकदम उजवीकडून यायला लागला. तू बाहेरून गेलीस, लांबच्या वाटेने, आणि तरी पुढे निघालीस. त्या वर्षी मी रडले. तू शेजारी बसून बुटाची वादी सोडत म्हणालीस, "वळणावर मला बघायला ताठ झालीस ना, तिथे गेली शर्यत." सांत्वन वगैरे तुला कधी जमलंच नाही. पण मी नेमकी कुठे हरले हे मला त्या दिवशी कळलं, आणि सांत्वनापेक्षा ते जास्त पुरलं.

आता तो दिवस, ज्याबद्दल आपण पुन्हा कधी नीट बोललो नाही.

आरेतल्या चढावर तू मध्येच थांबलीस आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलीस. मला वाटलं वादी तुटली. जवळ आले तर तुझे ओठ काळसर झाले होते आणि तू पाठीच्या हाडापासून श्वास ओढत होतीस. बाकीच्या मुली पुढे गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने तुला बोलता आलं. लहानपणी तुला सांधेताप झाला होता. गुडघे सुजले, महिनोन्‌महिने अंथरुणात होतीस, आणि त्यातून उठलीस तेव्हा हृदयाची झडप कामातून गेली होती. घरात सगळ्यांना माहीत होतं. बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं काकूंनी ठरवलं होतं, कारण बोभाटा झाला असता तर दोन्ही मुलींच्या लग्नाची वाट लागली असती. "माझं तर मीच अडवलंय," तू म्हणालीस. "पण विजू आहे ना."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात?

"जिने चढू नका म्हणतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो."

तू हसलीस. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, शर्यती बंद कर, नुसतं शिकव. तू म्हणालीस, शिकवताना मी काय कमी पळते? मी म्हटलं, तुझ्या अंगात फुकटची रग आहे. तू म्हणालीस, रग नसती तर अंथरुणातून उठलेच नसते. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी विचारलं ते आजही कानात आहे.

"तुला मरायचंय का?"

तुला राग आला नाही. तू माझ्याकडे नीट बघितलंस. "नाही गं. मला अजिबात मरायचं नाहीये. म्हणूनच तर."

म्हणूनच तर काय, ते तू सांगणार होतीस. तेवढ्यात वळणावरून गाडीचा भोंगा वाजला, आपण दोघी गवतात उतरलो, मुली ओरडत परत आल्या, आणि ते वाक्य तिथेच राहिलं. नंतर मी दोनदा तो विषय काढला. दोन्ही वेळा तू चहा मागवलास.

मागच्या डिसेंबरात तू धावलीस. मी आदल्या दिवशी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं तरी धावलीस. मी पहिली आले, आणि पहिलं आल्यावर वळून बघितलं तर तू सगळ्यांच्या मागे होतीस, अर्धी फेरी मागे, सावकाश, एका लयीत येत होतीस. लोकांना वाटलं तुझा पाय मुरगळला. तू रेषा ओलांडलीस, कठड्याला धरलंस, आणि मी तरातरा तुझ्याकडे आले तर तुझा चेहरा असा होता की मला रागावता येईना.

"कुमुद, दर वर्षी मी पुढे असते, मला कोणी दिसतच नाही," तू म्हणालीस. "आज सगळ्यांच्या पाठी दिसल्या. काय वाकल्या होतात गं तुम्ही सगळ्या."

पावसाळ्यात रस्त्यावर कधी चाकं लावलीच नाहीत आपण. तुझे पाय सुजायला लागले ते जूनमध्ये. जिना बंद झाला, मग नोकरी, मग इस्पितळ. उशा पाठीशी लावून बसवून ठेवायचे तुला, कारण आडवं पडलं की श्वास अडकायचा. मी आले की तू मुलींचं विचारायचीस, आणि सगळ्यांत जास्त मुलुंडच्या शैलाचं. ती माझ्यापेक्षा चांगली निघेल, म्हणायचीस, फक्त तिला वळणं शिकव. श्रावण संपता संपता एका दुपारी तू गेलीस. मी शाळेत वर्ग घेत होते. विजू स्वतः सांगायला आली, वर्गाच्या दारात उभी राहिली आणि तिला काही सांगावंच लागलं नाही.

आणि मग ते तेराव्याचं वाक्य. ते अंधेरीहून मुलुंडला माझ्याआधी पोचलं होतं.

पाऊस गेला, रस्ता कोरडा झाला, मी सगळ्यांकडे निरोप पाठवले. पहिल्या सकाळी दोघी आल्या. दुसऱ्या सकाळी त्यातली एक आली. मी शैलाच्या घरी गेले. तिच्या आईने पोहे केले, चहा केला, तुझ्याबद्दल खरोखर हळहळल्या. मग म्हणाल्या की शैलाला आता शिवणाच्या क्लासला घातलंय. शैला खिडकीत पाठ करून उभी होती. त्या बाई वाईट नव्हत्या, सिंधू. त्यांना एवढंच माहीत होतं की तेवीस-चोवीस वर्षांची एक धडधाकट मुलगी चाकांवर पळत होती आणि ती मेली. मी त्यांच्या जागी असते तर मीही शिवणाच्याच क्लासला घातलं असतं. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. चहा पिऊन परत आले.

तिथून घरी न जाता तुमच्याकडे आले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, काकू, मला सिंधूच्या आजाराबद्दल लोकांना सांगायचंय. त्यांचे हात थांबले. त्यांनी मला विचारलं, विजूला ठाण्याचं स्थळ आलंय हे तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, मग कशी विचारतेस? एक गेली. दुसरीचं तरी मार्गी लागू दे. चार मुली चाकांवर पळाल्या नाहीत तर कोणाचं काय अडलंय?

ह्याचं उत्तर तुझ्याकडे असतं, आणि ते ऐकून काकू अजून चिडल्या असत्या. मी उठले. तेवढ्यात विजू आतून बाहेर आली. तुमची विजू, जिचा मोठा आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता.

"आई, मुलाकडच्यांना मीच सांगते," ती म्हणाली. "ताईला काय झालं होतं ते सांगते. माझं हृदय त्यांनी तपासून घ्यावं. पण ताईला चाकांनी नेलं असं लोक म्हणणार आणि आपण गप्प बसायचं, हे मला झेपणार नाही."

काकू पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी जिना उतरून आले.

दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या दारात काकू उभ्या. पांढऱ्या पातळावर शाल, हातात पिशवी. मुलुंडला कुठली बस जाते, एवढंच विचारलं. शैलाच्या घरी त्यांनी पाणीही घेतलं नाही. बसल्या, आणि शैलाच्या आईकडे बघून म्हणाल्या, "माझी मुलगी लहानपणापासून आजारी होती. आम्ही लपवलं. मी लपवलं. तिला चाकांनी नेलं नाही. डॉक्टरांनी तिला दिलेली वर्षं कधीच संपली होती. त्यानंतरची सगळी ती त्या रस्त्यावर जगली."

शैलाच्या आई रडल्या. काकू रडल्या नाहीत. घरी येताना बसमध्ये मात्र त्यांनी माझा हात धरला तो अंधेरी येईपर्यंत सोडला नाही.

ठाण्याचं स्थळ मोडलं, हे तुला सांगायलाच हवं. विजूने सगळं सांगितलं, ते लोक कळवतो म्हणाले आणि त्यांनी कळवलं नाही. विजू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तुझे स्केट्स काढून रॉकेलमध्ये धुवत बसली होती. मी विचारलं, पश्चात्ताप होतोय का? ती म्हणाली, राग येतोय, पश्चात्ताप नाही. अगदी तुझ्यासारखं म्हणाली.

पण त्या दिवशी मुलुंडला आणखी एक गोष्ट झाली. डोळे पुसून झाल्यावर शैलाच्या आईने मला साधा प्रश्न विचारला. तुमच्या मैत्रिणीला आजार होता हे बाहेरून कोणाला कळलं नाही. मग माझ्या मुलीचं हृदय कसं आहे, हे मला कसं कळायचं?

परतीच्या वाटेवर मी तोच विचार करत होते. आणि तू ऐकलंस तर उसळशील असा नियम मी केला. रस्त्यावर चाक लावायच्या आधी प्रत्येक मुलीने डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. मध्ये बोलायचं नाही, रडून दाखवायचं नाही, मलासुद्धा ह्यातून सूट नाही. आमच्या घराजवळच्या लेडी डॉक्टरांनी आनंदाने कबूल केलं. नियम सांगितला तशा मुली परत यायला लागल्या, कारण आयांना हातात धरायला काहीतरी मिळालं. बोरिवलीची आली, पार्ल्याच्या दोघी बहिणी आल्या. एका सकाळी सगळ्या दवाखान्याच्या बाकड्यावर ओळीने बसल्या, खिदळत. मी पहिली आत गेले. मग एकेक.

शैला आत गेली ती लवकर बाहेर येईना.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. नळी तिच्या पाठीवर ठेवून त्या अजून ऐकत होत्या. झडपेतून आवाज येतोय, म्हणाल्या. तुझ्याइतकं नाही, सिंधू. वेळेत सापडलंय. पेनिसिलिन घ्यायला लागेल, मोठ्या इस्पितळात दाखवावं लागेल, आणि शर्यत तर ह्या वर्षी नाहीच. पुढे कधी, ते आत्ता सांगता येणार नाही. लहानपणी घसा धरून ताप यायचा का, असं त्यांनी विचारलं. शैला म्हणाली, यायचा, सगळ्यांनाच येतो ना?

बाहेर येऊन ती बाकड्याच्या टोकाला बसली. तिने बुटाच्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग मान वर न करता म्हणाली, "सिंधूताई असत्या तर त्यांनी मला पळू दिलं असतं."

मला त्या क्षणी तू दगडावर बसलेली दिसलीस, आणि मला कळेना की ही खरं बोलतेय की खोटं. तू स्वतः थांबली नाहीस. पण शैलाला तू पळू दिलं असतंस का? तिच्या आईच्या डोळ्यांत बघून? मला माहीत नाही. ह्यावर आपण कधी भांडलोच नाही. ज्यावर भांडलो ते तुझ्या जिवाबद्दल होतं, आणि तो तुझा होता. आता मला एवढं मान्य आहे. शैलाचा जीव तिच्या आईने माझ्या हातात दिलाय. हे दोन वेगळे आहेत, सिंधू. तू हो म्हण किंवा नाही म्हण.

मी शैलाच्या शेजारी बसले. "कदाचित दिलं असतं," मी म्हटलं. "पण त्या नाहीत. मी आहे."

ती खूप रडली. मी उठले नाही.

तिची आई तिला घेऊन इस्पितळात जाऊन आली. औषध सुरू झालंय. ती रागात आहे, माझ्याशी बोलत नाही, आणि बोलेपर्यंत मी दर रविवारी मुलुंडला जाणार आहे. चिटणिसांना परवा भेटले. ते म्हणाले, ह्या वर्षी तुमच्या मैत्रिणीच्या आठवणीसाठी बायकांची शर्यत रद्द ठेवावी असं काहींचं म्हणणं आहे. मी म्हटलं, तिच्या आठवणीसाठीच ती लावायची, डिसेंबरातच लावायची, आणि मी जिंकायला उतरणार आहे. त्यांनी पूर्वी तुला दिली होती तशीच मला खुर्ची दिली होती. मी बसले नाही.

उजाडायला लागलंय. गोरेगावला पाच जणी माझी वाट बघत असतील, आणि आज त्यांना वळणं शिकवायची आहेत. निघते.